पेशीची वीज नॅनोमीटरवर मोजणारा सूक्ष्मदर्शक: कोणत्या कामाला घ्यावा, कोणत्या कामाला नाही

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. आमच्या सामायिक यंत्रकक्षात पेशींचे विद्युत गुणधर्म नॅनोमीटरच्या पातळीवर मोजणारा एक प्रोब मायक्रोस्कोप (बारीक टोकानं पृष्ठभाग चाचपणारा सूक्ष्मदर्शक) आहे. त्याला दोन हेड आहेत. एकावर काचेची नॅनोपिपेट बसते. दुसरं ॲटॉमिक फोर्सचं (टिप आणि नमुना यांच्यातली बारीक ओढ मोजणारं), त्यावर धातूचा मुलामा दिलेली बारीक टिप. या दुसऱ्या हेडला मायक्रोवेव्हची जोडणीही करता येते. जिवंत पेशीवर काम करायचं असेल तर पिपेटचं हेड बिनदिक्कत घ्या. वाळवलेले जिवाणू, विषाणू, पातळ लिपिड पटलं असतील तर धातूच्या टिपला तोड नाही. मात्र नेहमीच्या खारट बफरमधल्या (पेशी ठेवायच्या द्रावणातल्या) जिवंत पेशीचा डायइलेक्ट्रिक नकाशा, म्हणजे विद्युत क्षेत्रात कोणता भाग किती ध्रुवित होतो याचा नकाशा, काढायचा बेत असेल, तर बुकिंग करण्याआधी हा मजकूर शेवटपर्यंत वाचा.

माझं रोजचं काम पॅच-क्लॅम्पचं, म्हणजे काचेच्या पिपेटचं तोंड पेशीला घट्ट चिकटवून आयनांचा (विद्युतभारित कणांचा) प्रवाह मोजण्याचं, चेतापेशींवर. त्यामुळे मी या यंत्राकडे एकच प्रश्न घेऊन जाते: स्क्रीनवर जो आकडा दिसतोय तो पेशीचा किती आणि यंत्राचा किती? खाली जे लिहिलंय ते सगळं त्या प्रश्नाभोवतीच आहे.

पॅच-क्लॅम्प हाताशी असताना आणखी एका यंत्राची गरज काय, असं बरेच जण विचारतात. एर्विन नेहेर आणि बेर्ट साकमान यांनी १९७६ मध्ये एकेका आयन वाहिनीचा प्रवाह मोजून दाखवला, १९९१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि प्रवाह मोजण्याच्या अचूकतेत आजही मी त्याच पद्धतीवर भरवसा ठेवते. पण ती पूर्ण पेशीची बेरीज देते, किंवा पिपेटच्या तोंडाखाली जो तुकडा सापडला त्याची नोंद देते. शेजारच्या तुकड्यावर काय चाललंय, पटलाची घडी कुठे आहे, एखाद्या बारीक उंचवट्यावर आणि त्याच्या पायथ्याशी फरक आहे का, हे तिथे कळत नाही. आणि पेशीपटल ही काही सगळीकडे सारखी चादर नव्हे. साधारण पाच नॅनोमीटर जाडीच्या त्या थराच्या दोन बाजूंमध्ये सत्तर मिलिव्होल्टचा फरक असतो. भागाकार करा: मीटरला एक कोटी चाळीस लाख व्होल्ट. एवढ्या तीव्र क्षेत्रात बसलेली प्रथिनं पटलावर कुठे आणि कशी मांडलेली आहेत हे पाहता येणं ही लहानसहान गोष्ट नाही. मला तर ते पहिल्यांदा नकाशावर दिसलं तेव्हापासून पूर्ण पेशीच्या बेरजेवर समाधान होत नाही.

मोजायची गोष्ट किती लहान आहे याचा अंदाज असल्याशिवाय या यंत्राची पारख करता येणार नाही, म्हणून थोडा हिशेब. ह्यूगो फ्रिके यांनी १९२५ मध्ये द्रवात तरंगत्या तांबड्या रक्तपेशी घेऊन त्यातून वेगवेगळ्या वारंवारतेची वीज पाठवली आणि पटलाचा कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) काढला: चौरस सेंटिमीटरला ०.८१ मायक्रोफॅरॅड. त्यात डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट (पदार्थ विद्युत क्षेत्रात किती ध्रुवित होतो याचा आकडा) तीन धरून त्यांनी पटलाची जाडी ३.३ नॅनोमीटर सांगितली. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपनं पटल दाखवण्याच्या कितीतरी आधी! तो आकडा आजही पाठ्यपुस्तकात जवळपास तसाच, एक मायक्रोफॅरॅड म्हणून, आहे. म्हणजे चौरस मायक्रोमीटरला दहा फेम्टोफॅरॅड. दहा मायक्रोमीटर व्यासाची गोल पेशी घेतली तर तिचा एकूण कपॅसिटन्स सुमारे तीन पिकोफॅरॅड; पॅच-क्लॅम्पचा ॲम्प्लिफायर हा आकडा सहज देतो. आता पन्नास बाय पन्नास नॅनोमीटरचा तुकडा घ्या. त्याच्या वाट्याला येतात फक्त पंचवीस ॲटोफॅरॅड. एका पिकोफॅरॅडमध्ये दहा लाख ॲटोफॅरॅड असतात. आणि टिपचा शंकू, कँटिलिव्हरचा (टिप धरणाऱ्या लवचीक पट्टीचा) दांडा, होल्डर, वायर हे सगळं मिळून जो फुकटचा कपॅसिटन्स येतो तो असतो पिकोफॅरॅडच्या घरात. मिळवायचंय ते पंचवीस, आजूबाजूला दहा लाखांचा गोंगाट. यंत्र चांगलं की वाईट हे या गोंगाटातून ते कसं वाट काढतं त्यावरच ठरतं.

पिपेटचं हेड ही वाट सर्वांत सुंदर काढतं, असं माझं मत. स्कॅनिंग आयन कंडक्टन्स मायक्रोस्कोपी, म्हणजे पिपेटमधल्या आयनांच्या प्रवाहावरून पृष्ठभाग वाचणं, ही कल्पना पॉल हान्स्मा आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मांडली. युरी कोर्चेव्ह यांच्या गटानं १९९७ च्या सुमारास ती जिवंत पेशींवर आणली. पिपेटमध्ये खारं द्रावण, आत क्लोराइडचा थर दिलेली चांदीची तार, दुसरी तशीच तार बाहेरच्या बफरमध्ये. दोघींमध्ये दोनशे मिलिव्होल्ट लावले आणि पिपेटचं तोंड शंभर नॅनोमीटरचं असलं, की रोध शंभर मेगाओहमच्या आसपास आणि प्रवाह दोन नॅनोॲम्पिअर. पिपेट पेशीच्या जवळ आली की आयनांची वाट अरुंद होते आणि प्रवाह घसरायला लागतो. घसरण एक टक्क्याच्याही आत असते तेवढ्यातच यंत्र थांबतं. पिपेट पेशीला टेकतच नाही. ज्यांनी मऊ पेशीवर ॲटॉमिक फोर्सची टिप फिरवून पेशी ओरबाडलेली पाहिली आहे, त्यांना याचं मोल सांगायला नको.

ही घसरण एकदा स्क्रीनवर जवळून बघाच. प्रवाहाची रेघ बराच वेळ सपाट असते, किंचित थरथरते, आणि मग शेवटच्या शंभरेक नॅनोमीटरमध्ये खाली वाकते. निरोगी पिपेटची वाक गुळगुळीत आणि प्रत्येक वेळी त्याच आकाराची. तोंडाशी प्रथिनाचा कण अडकला की सपाट भागच आधी खाली सरकतो आणि वाक बोथट होते. नकाशा त्या वेळीही छान दिसत राहतो. म्हणून मी नकाशाच्या खिडकीपेक्षा या रेघेची खिडकी मोठी करून ठेवते, आणि नवीन विद्यार्थ्यांनाही तेच करायला लावते.

या हेडवरचा हॉपिंग मोड म्हणजे खरं रत्न. २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि त्यानं उंचसखल पेशींचा प्रश्न सोडवला. विहिरीत पोहरा सोडावा तशी पिपेट खाली जाते, पृष्ठभागाची चाहूल लागली की वर ओढली जाते, बाजूला सरकते, पुन्हा खाली. कानातल्या केसपेशींवरचे तुरे आणि चेतापेशींचं जाळं अशा गोष्टी, ज्यांच्यावर सरळ फिरणारी टिप हमखास आपटते, त्या याच पद्धतीनं न मोडता दिसू लागल्या. मी हे हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूतल्या एका भागाच्या) चेतापेशींवर वापरते. एका ॲक्सॉनवर (चेतापेशीच्या लांब तंतूवर) दुसरा पडलेला, त्याखाली ग्लिअल (चेतापेशींना आधार देणाऱ्या) पेशीचा पसारा, आणि तरीही सगळं जागच्या जागी.

नकाशा झाला की तीच पिपेट निवडलेल्या बिंदूवर नेऊन पॅच करता येतं, आणि माझ्यासारखीला या यंत्राची खरी किंमत इथे कळते. आधी भूगोल, मग प्रवाह. हृदयस्नायूच्या पेशींवर या नकाशामुळे किती फरक पडला याचं एक उदाहरण मला फार आवडतं: २०१० मध्ये निकोलाएव्ह आणि सहकाऱ्यांनी पिपेटनं पृष्ठभाग वाचत ठरावीक जागीच औषध सोडलं आणि दाखवलं की निरोगी पेशीत बीटा-दोन ॲड्रेनर्जिक रिसेप्टर (ॲड्रेनलिनला प्रतिसाद देणारी प्रथिनं) पटलाच्या आत वळलेल्या नळ्यांमध्येच असतात, तर निकामी होत चाललेल्या हृदयाच्या पेशीत ते बाहेरच्या उंचवट्यांवरही पसरतात. मोजणी तिथे विद्युतप्रवाहाची नव्हती, पण जागा अचूक सापडली ती याच पिपेटमुळे. पूर्ण पेशीची बेरीज घेऊन हे कधीच हाती लागलं नसतं.

पृष्ठभागावरचा विद्युतभारही हे हेड वाचतं. पिपेट पटलाजवळ असताना व्होल्टेजची दिशा उलटसुलट केली, तर भारित पृष्ठभागापाशी दोन्ही दिशांचा प्रवाह सारखा येत नाही. त्या तफावतीतून भाराचा अंदाज निघतो. वॉरिक विद्यापीठातल्या पॅट्रिक अनविन यांच्या गटानं २०१४ नंतर हे नीट बसवून दिलं, जिवंत पेशींवरसुद्धा. पण तफावत बारीक असते आणि पिपेटच्या तोंडाच्या आकारावर फार अवलंबून असते. भाराचा आकडा घ्यायचा असेल तर त्याच पिपेटचं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखालचं चित्र काढून ठेवा. पुलरवर (पिपेट ओढणाऱ्या यंत्रावर) छापलेल्या प्रोग्रामच्या भरवशावर आकार गृहीत धरू नका.

उणीव आहे ती वेगाची. चौसष्ट बाय चौसष्टचा नकाशा म्हणजे चार हजार शहाण्णव उड्या. प्रत्येक उडीला पन्नास मिलिसेकंद धरले तर साडेतीन मिनिटं. तेवढ्यात सरपटणाऱ्या पेशीची कड पुढे गेलेली असते, आणि नकाशाचा वरचा भाग व खालचा भाग वेगवेगळ्या क्षणांचे होतात. शिवाय तापमान सदतीस अंशांवर ठेवलं की बफरची वाफ होते, क्षार दाट होतात, प्रवाह आपोआप वाढतो आणि यंत्राला वाटतं पृष्ठभाग दूर गेला. झाकण असलेली डिश आणि मंद पर्फ्यूजन (ताज्या द्रावणाचा संथ प्रवाह) यावर चांगला उपाय आहे. आमच्या कक्षात दोन्ही मिळतं, आणि तिथले ऑपरेटर ते न मागता लावून देतात. याबद्दल त्यांचे मनापासून आभार.

आता धातूची टिप. इथे तत्त्व वेगळं. टिपला बदलता व्होल्टेज देतात. टिप आणि खालचा धातूचा तळ यांच्यात जी ओढ निर्माण होते ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, आणि अंतराबरोबर कपॅसिटन्स किती झपाट्यानं बदलतो यावरही. ओढ दुप्पट वारंवारतेवर वाचली की पृष्ठभागावरच्या स्थिर भाराचा घोळ बाजूला राहतो. यात मोठी सोय अशी, की मोजला जातो तो कपॅसिटन्सचा बदल; वायर आणि होल्डरचा जो पिकोफॅरॅडचा डोंगर टिप हलवल्यानं बदलत नाही, तो मोजणीत फारसा येतच नाही. दांडा आणि शंकू मात्र येतात, कारण तेही टिपबरोबर खाली येतात.

वाळलेल्या जिवाणूवर हे काम बघण्यासारखं होतं. बार्सिलोनातल्या गाब्रिएल गोमिला यांच्या गटानं २०१४ मध्ये एकेका जिवाणूचा डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट असा मोजला. कोरड्या हवेत तो तीन ते पाचच्या दरम्यान येतो. हवेतली आर्द्रता वाढवली की पेशीत पाणी शिरतं आणि आकडा चढतो, कारण पाण्याचा स्वतःचा कॉन्स्टंट ऐंशीच्या जवळ. म्हणून आर्द्रता न लिहिता दिलेला असा कोणताही आकडा मी स्वीकारत नाही. याच गटातून २०१२ मध्ये एकेक विषाणू त्याच्या ध्रुवीकरणावरून ओळखण्याचं काम आलं, कोणतंही लेबल न लावता. आणि हीच पद्धत घेऊन लॉरा फुमागाल्ली आणि मँचेस्टरच्या गटानं २०१८ मध्ये दाखवलं की एखाददुसऱ्या नॅनोमीटरच्या फटीत कोंडलेल्या पाण्याचा कॉन्स्टंट ऐंशीवरून दोनच्या आसपास उतरतो. पेशीतलं किती पाणी प्रथिनांना आणि पटलाला असं चिकटून बसलेलं असतं याचा विचार केला की मला या निष्कर्षाचं महत्त्व फार मोठं वाटतं.

या हेडबद्दल तक्रार करायची ती सॉफ्टवेअरची. स्कॅन संपला की ते लगेच रंगीत नकाशा दाखवतं आणि पट्टीवर डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट असं लिहितं. प्रत्यक्षात टिपनं मोजलेली गोष्ट ती नसते. जिवाणूची उंची, त्याचा गोलवा, टिपची त्रिज्या, शंकूचा कोन हे सगळं मॉडेलमध्ये घालून मग तो आकडा निघतो. टिप जिवाणूवर चढते तेव्हा दांडा तळापासून दूर जातो, आणि नुसत्या त्या अंतरामुळे ओढ कमी होते. ही घट पेशीचा गुणधर्म म्हणून छापली गेली तर तो साफ खोटा नकाशा. यासाठी दोन गोष्टींचा मी आग्रह धरते. स्कॅनआधी आणि स्कॅननंतर, पेशीच्या शेजारच्या उघड्या धातूवर टिप खाली आणून ओढीची वक्ररेषा घ्यायची आणि त्यातून त्रिज्या काढायची. दोन त्रिज्यांत फरक आला तर टिप झिजली, मधला नकाशा टाकून द्यायचा. दुसरं, कच्च्या वक्ररेषा मागून घ्यायच्या. आमच्या यंत्राच्या फायली सुरुवातीला फक्त कंपनीच्याच प्रोग्रामात उघडत होत्या. खूप मागे लागल्यावर साध्या मजकुराच्या रूपात त्या मिळायला लागल्या. कोणतंही यंत्र घेताना ही अट आधीच घातली पाहिजे.

बफरमध्ये उतरलं की या हेडची पंचाईत सुरू होते, आणि ती टिपच्या दर्जाशी संबंधित नाही; भौतिकीच तशी आहे. शरीराइतक्या खारट द्रावणात कोणताही स्थिर भार नॅनोमीटरच्याही आत, पाऊण नॅनोमीटरच्या सुमारास, आयनांच्या पांघरुणाखाली झाकला जातो. कमी वारंवारतेवर आयन व्होल्टेजचा पाठलाग करत राहतात आणि टिपला पटल दिसतच नाही. आयन मागे पडावेत म्हणून वारंवारता वाढवावी लागते. किती? द्रावणाची वाहकता मीटरला दीड सीमेन्स धरली तर उत्तर काही शे मेगाहर्ट्झ येतं. कँटिलिव्हर इतक्या वेगानं हलत नाही, म्हणून उच्च वारंवारतेचा व्होल्टेज मंद लयीत कमीजास्त करतात आणि कँटिलिव्हर त्या मंद लयीला प्रतिसाद देतो. ही युक्ती विरळ द्रावणात उत्तम चालते. वाहक तळावर पसरलेल्या लिपिड पटलाचा कॉन्स्टंट दोन-तीनच्या आसपास येतो आणि फ्रिकेंच्या हिशेबाशी जुळतो. आमच्या ऑपरेटरनं असं एक लिपिड पटल चाचणीसाठी कायम तयार ठेवलेलं असतं. पण विरळ द्रावणात माझी चेतापेशी फुगते. तिच्यासाठी द्रावण खारटच हवं, आणि खारटपणाबरोबर उपयोगी सिग्नल आटत जातो. वर मऊ पेशी टिपखाली दबते, म्हणजे उंचीचा आकडाही पक्का राहत नाही. जिवंत सस्तन पेशीसाठी हे हेड मी आज कोणाला सुचवणार नाही. फिक्स केलेल्या (रसायनानं स्थिर केलेल्या) पेशीवर, विरळ बफरमध्ये, होय.

मायक्रोवेव्ह जोडणीबद्दल थोडक्यात. टिपला व्हेक्टर नेटवर्क ॲनालायझर जोडतात आणि गिगाहर्ट्झच्या लहरी परत कशा येतात ते वाचतात. इतक्या वारंवारतेवर आयनांचा अडथळा कमी होतो, लहर पटलापलीकडे पोचते, आणि कपॅसिटन्सबरोबर वाहकताही कळते. २०१६ मध्ये ई. कोलाय या जिवाणूचा कॉन्स्टंट असा काढला गेला आहे, कोरड्या आणि दमट हवेत. मात्र केबल जराशी हलली, खोलीचं तापमान अर्ध्या अंशानं बदललं, की फेज सरकते, आणि कॅलिब्रेशन पुन्हा पहिल्यापासून. पाणी स्वतः वीसेक गिगाहर्ट्झपाशी ऊर्जा शोषतं हेही लक्षात ठेवावं लागतं. ज्यांच्या गटात मायक्रोवेव्ह मोजणी जाणणारं कोणी आहे त्यांनी जरूर करावी. इतरांनी कक्षातल्या ऑपरेटरला सहलेखक म्हणून सोबत घ्यावं, कारण त्या मोजणीत निम्मी अक्कल त्यांची असते.

सेवेबद्दल एक खरी नाराजी आहे. यंत्रकक्षाचे बुकिंगचे तुकडे लहान आहेत. टेबलाची कंपनं शमायला, तापमान बसायला, पिपेट ओढून तपासायला इतका वेळ जातो की मोजणीला शेवटचा थोडासा भाग उरतो, आणि घाईत केलेली मोजणी कोणाच्याच कामाची नसते. हे मी लेखी कळवलंय आणि सलग लांब वेळ मिळावा अशी मागणी केली आहे. इतर वापरकर्त्यांनीही कळवावं. फॅराडे केज (बाहेरच्या विद्युत गोंगाटाला अडवणारा धातूचा पिंजरा) चांगली आहे, पण इनक्युबेटरच्या पंख्याची वायर त्यातून आत येते आणि प्रवाहावर मेन्सचा हम (वीजपुरवठ्याची गुणगुण) चढतो. मोजणीच्या वेळी पंखा बंद करायला सांगा, लगेच करतात.

पहिल्यांदा जाणार असाल तर पेशी काचेच्या तळाच्या डिशमध्ये, विरळ पेरलेल्या न्या, म्हणजे शेजारी उघडी काच राहील आणि शून्य उंची कुठे आहे ते कळेल. धातूच्या टिपसाठी मात्र सोन्याचा किंवा दुसरा कुठला धातूचा तळ लागतो, काच चालत नाही. पिपेट त्याच दिवशी ओढलेल्या वापरा. द्रावणं गाळून घ्या, ०.२ मायक्रोमीटरच्या फिल्टरनं, दोन्ही बाजूंची. आणि यंत्र सुरू करण्याआधी ऑपरेटरला सांगून ठेवा की नकाशाबरोबर प्रत्येक बिंदूची वक्ररेषा जतन करायची आहे; ती सेटिंग मुळात बंद असते आणि स्कॅन झाल्यावर चालू करून काही मिळत नाही.